डबा कुणाबरोबर खाता?

मुंबईत मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींशी बोलायला बसलं की गाडी हमखास दोन विषयांवर येते. एक, बढतीसाठी लागणारे संशोधनाचे पेपर. दुसरा, निवासी डॉक्टरांचे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणाऱ्यांचे, कामाचे तास. पेपरच्या वादात एक बाजू म्हणते, शिक्षक म्हणवून घ्यायचं तर संशोधन केलंच पाहिजे. दुसरी विचारते, दीडशे-दोनशे पेशंटची ओपीडी उरकून, विद्यार्थ्यांना शिकवून, वर परीक्षांचं काम करून संशोधन करायचं कधी? मग पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये काहीतरी छापून आणणं एवढंच उरतं. तासांच्या वादात काही जण केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशाची आठवण करून देतात. त्यात निवासी डॉक्टरांसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. त्यावर ज्येष्ठांचं उत्तर ठरलेलं, “एवढ्यात कुणी डॉक्टर होत नाही, आम्ही नाही का केलं?” २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, म्हणजे १९९२ मध्ये कबूल केलं होतं त्याच्या दीडपट.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात रक्तविकारांची डॉक्टर आहे. शिकले मुंबईत, पालिकेच्या रुग्णालयात. दोन्हीकडच्या रात्रपाळ्या केल्यामुळे हे वाद मला दुरून ऐकल्यासारखे वाटत नाहीत. आणि जितके ऐकते तितकं प्रकर्षानं जाणवतं, की या दोन वादांच्या मधोमध असलेल्या एका साध्या गोष्टीकडे कुणी बघतच नाही. ती म्हणजे दुपारचं जेवण. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन दुपारी जेवतात का, कधी जेवतात, आणि मुख्य म्हणजे कुणाबरोबर जेवतात. रुग्णालयातलं बरंचसं संशोधन तिथे सुरू होतं किंवा तिथेच मरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

रेसिडेन्सीत, म्हणजे मी निवासी डॉक्टर असताना, आमच्या युनिटचा डबा लॅबला लागून असलेल्या एका खोलीत उघडायचा. ड्युटी रूममध्ये एक खाट आणि चौघांच्या बॅगा, तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून आमच्या लेक्चरर मॅडमनी ती खोली पटकावली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. मॅडमची मटकीची उसळ, जेआर-वनकडे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटकडे, हॉस्टेलच्या मेसमधली गार पोळी-भाजी, आणि लॅबमधल्या टेक्निशियन काकांकडे रोज काहीतरी खास, कारण काकू अलिबागकडच्या. सुक्या बोंबलाची चटणी असली की खोली जरा लवकर भरायची. डेंग्यूचे दिवस होते. पावसाळा ओसरता ओसरता मुंबईच्या वॉर्डांत जे होतं तेच चाललं होतं. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या, आणि प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी एकच प्रश्न, आज प्लेटलेट किती?

एके दिवशी काका पोळी मोडता मोडता म्हणाले, “मॅडम, एक विचारू का? तुमच्या वॉर्डातले पेशंट सकाळी सिरियस आणि दुपारी बरे, असं कसं होतं?”

“म्हणजे?”

“सकाळच्या रक्ताच्या बल्बात प्लेटलेट तीस हजार, चाळीस हजार. त्याच पेशंटचा दुपारी परत बल्ब आला की लाखाच्या घरात. मधल्या वेळात असं काय देता?”

“देतोय काय, नुसतं सलाईन,” मॅडम म्हणाल्या आणि खाता खाता थांबल्या. “सकाळचं कलेक्शन कोण करतं रे?”

“इंटर्न,” जेआर-वन म्हणाला. “पहाटे पाचला. एकटाच असतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम स्वतः वॉर्डात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा उलगडा झाला. एकट्या इंटर्नला पन्नासेक पेशंटचं रक्त काढायचं असे. सिरिंज भरली की ती ट्रेमध्ये ठेवून तो पुढच्या पेशंटची शीर शोधायचा, आणि तीन-चार सिरिंजा जमल्या की एकदम जांभळ्या झाकणाच्या बल्बांत रक्त भरायचा. तोवर सिरिंजमध्येच बारीक गुठळ्या धरायला लागलेल्या असत. रक्त भरल्यावर बल्ब आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटासुलटा करायचा असतो, म्हणजे आतलं गोठणं थांबवणारं औषध नीट मिसळतं. तेवढी उसंत त्याला नव्हती. गुठळीत अडकलेल्या प्लेटलेट मशीन मोजत नाही, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. दुपारचं रक्त मात्र सिस्टर एकेका पेशंटचं घेऊन वॉर्डबॉय मामांच्या हाती लगेच लॅबला पाठवत. आणि सकाळच्या त्या खोट्या आकड्यांवर आम्ही लोकांना प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांत पळवत होतो. कुणी उसने पैसे आणत होतं, कुणी गावाहून रक्तदाते बोलावून घेत होतं.

पन्नास हजारांच्या खालचा आकडा आला की काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, करून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही, असं त्या दिवसापासून ठरलं. काका ड्युटी नसताना पहाटे आले आणि इंटर्नच्या शेजारी उभं राहून बल्ब कसा हलवायचा ते त्यांनी त्याला करून दाखवलं. वॉर्डातून जाणारी प्लेटलेटची मागणी उतरली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

यावर पेपर मात्र झाला नाही. ‘हे ऑडिट आहे, ओरिजिनल नाही’, म्हणजे आपल्याच कामाची तपासणी आहे, नवं संशोधन नाही, असं वरून सांगण्यात आलं आणि विषय संपला. त्याच वर्षी आमच्या ओळखीच्या दोघांनी जुन्या केस पेपरांवरून घाईघाईनं जुळवलेले निबंध फी भरून छापून आणले. ते मोजले गेले.

पुढे २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं बढतीसाठी परिपत्रक काढलं. लेखकांच्या यादीत पहिल्या दोघांत नाव असेल तरच निबंध धरला जाईल, असं त्यात होतं. नंतर कौन्सिल गेली, आयोग आला, नियम थोडेफार सैल झाले, पण नाव कितव्या क्रमांकावर आहे ते बघण्याची पद्धत कायम राहिली. हा नियम माझ्या डोळ्यांसमोर त्या डब्याच्या टेबलावर येऊन बसतो. पहिल्या दोन जागांपैकी एक काकांना कोण देणार? मॅडमना बढती हवी, रेसिडेंटला पुढच्या अर्जासाठी पेपर हवा. प्रश्न ज्याला पडला त्याचं नाव तळाला ढकलायला असा नियम भाग पाडतो. मग पुढच्या वेळी काही विचित्र दिसलं तर तो माणूस कशाला बोलेल?

मुंबईत झालेल्या एका फार मोठ्या शोधाला हाच नियम लावून पाहा. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगभरच्या रक्तपेढ्यांत याच नावानं शिकवला जातो. इथे इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांना तो शिकवताना मला दर वेळी परळ आठवतं. ए, बी, ओ यांपैकी कुठल्याच गटाचं रक्त ज्यांना चालत नाही अशी ही माणसं. नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना जुळत नाही. ‘चाचणीत काहीतरी चुकलं असेल’ म्हणून विषय सोडून न देता परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या माणसांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर निबंध आला. लेखक सात. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्यानंतर इंग्लंडमधले चार संशोधक, त्यांत रक्तगटशास्त्रातले रेस आणि सँगर. पहिल्या दोघांचाच हिशेब धरायचा तर भाटियांचं नाव कटतं. प्रयोगशाळेतली आणि दोन देशांतली माणसं एकमेकांशी बोलली म्हणून जे हाती आलं, ते २०१५ च्या त्या बढतीच्या तक्त्यात नीट बसलं नसतं.

टाटा मेमोरियलचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यासही असाच. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन व्हिनेगर लावून करायची तपासणी शिकवली होती, आणि त्याच घरोघरी जाऊन, बोलून, समजावून स्त्रियांना तपासणीला आणत. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये जगासमोर आलं. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या माणसांवर विश्वास टाकला नसता तर हे काम उभंच राहिलं नसतं.

म्हणून डब्याचं टेबल कुणाचं आहे, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आमची ती खोली अपवाद होती, आणि ती मॅडमच्या स्वभावामुळे होती. एरवी रुग्णालयांत काय दिसतं? सिस्टर त्यांच्या चेंजिंग रूममध्ये जेवतात, मामा आणि मावशी जिन्यात किंवा सामानाच्या खोलीत, रेसिडेंट उभ्या उभ्या, प्रोफेसर केबिनचं दार लोटून. एकाच पेशंटभोवती दिवसभर राबणारी ही माणसं जेवायला चार वेगळ्या दिशांना जातात. यात पद आहे, जात आहे, शाकाहार-मांसाहारही आहे. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबलं शाकाहारींसाठी राखीव ठेवली गेली आणि त्याला विरोध केला म्हणून विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला, तेव्हा त्यावर भरपूर वाद झाला. काय खायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण शेजारी कोण बसणार हे संस्थेनं ठरवायला घेतलं की माणसांची एकमेकांशी बोलण्याची सवय मोडते. २०१९ मध्ये नायर रुग्णालयातल्या एका तरुण आदिवासी निवासी डॉक्टरनं आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. त्या बातमीनंतर मला कितीतरी दिवस वाटत राहिलं, की तिच्याबरोबर रोज दुपारी बसून जेवणारं, ‘आज गप्प का गं?’ असं विचारणारं कुणी असतं तर? एवढ्यानं सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते विचारलं जाण्याची जागा तरी असायला हवी होती.

आता इथलं सांगते, कारण ‘परदेशात सगळं छान’ असा सूर मला लावायचा नाही.

इथे इंग्लंडमध्ये निवासी डॉक्टरांच्या २०१६ च्या करारात जेवणाची सुट्टी लिहिलेली आहे. पाच तासांहून मोठी पाळी असेल तर अर्धा तास पगारी विश्रांती, नऊ तासांहून मोठी असेल तर आणखी अर्धा तास. ती मिळाली नाही तर तक्रार नोंदवता येते आणि ती तक्रार बघणारा माणूस रुग्णालयात नेमलेला असतो. दर वेळी सुट्टी मिळतेच असं नाही. पण मागायला लाज वाटत नाही, आणि हा फरक मुंबईहून आलेल्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच महिन्यात जाणवतो. ब्लीप (बोलावणं आलं की वाजणारा पेजर) दुसऱ्याच्या हाती देऊन जेवायला जाता येतं. राउंडवर वरिष्ठ विचारतात, तू काही खाल्लंस का?

संशोधनाचंही तसंच. कोविडच्या पहिल्या लाटेत ‘रिकव्हरी’ या कोविडवरची औषधं तपासणाऱ्या ट्रायलमध्ये आमच्यासारख्या साध्या रुग्णालयांनी पेशंट दिले. मार्च २०२० मध्ये पहिला पेशंट घेतला गेला, आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. तोवर पावणेदोनशे रुग्णालयांतून अकरा हजारांवर पेशंट दाखल झाले होते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, तेही मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टकडे मिळणाऱ्या स्वस्त औषधानं. हे जमलं ते वॉर्डातल्या रोजच्या कामातच ट्रायल बसवली म्हणून. अर्ज छोटा, पेशंटची नोंद करायला काही मिनिटं, आणि मदतीला रिसर्च नर्स. मूळ निबंधावर लेखक म्हणून नाव आहे ते साऱ्या गटाचं.

पण त्या काकांसारखा प्रश्न मला इथे कुणी विचारत नाही. आमची लॅब दुसऱ्या इमारतीत आहे. रक्ताचे बल्ब भिंतीतल्या हवेच्या नळीतून सुसाट जातात आणि आकडे संगणकावर येतात. तिथल्या माणसांचे आवाज मला फोनवर ओळखू येतात, चेहरे माहीत नाहीत. दुपारी बहुतेक जण सुपरमार्केटमधलं सँडविच संगणकासमोर बसून खातात. बोलणं गोड असतं, सुट्टीचं, कुत्र्याचं, हवेचं, पण डबा कुणी पुढे करत नाही. छोटी ऑडिट इथेही गुणांसाठी होतात आणि गुण मिळाले की फाइलमध्ये जातात. प्रशिक्षणाच्या जागांसाठी चुरस वाढल्यापासून इथली तरुण मुलंही पेपर मोजू लागली आहेत. आमच्या डॉक्टर्स मेसमध्ये खरी गप्पांची जागा आहे ती केरळच्या सिस्टर, नायजेरियाचा एक रजिस्ट्रार (वरच्या टप्प्यातला प्रशिक्षणार्थी डॉक्टर) आणि मी अशी आम्ही बसतो तिथे. तिथे पश्चिम आफ्रिकेतला जोलोफ भात आणि माझी भेंडीची भाजी एकाच ताटात येते. लोहाच्या सलाईनवर असलेल्या बायका पुन्हा तपासणीला का येत नाहीत, हा आमचा सध्याचा प्रश्न तिथेच निघाला. सिस्टर म्हणाल्या, “अहो, अपॉइंटमेंटची वेळ बघा. मुलं शाळेतून सुटायची वेळ आहे ती.” आम्ही वेळ बदलून पाहतो आहोत.

गेल्या भेटीत हे सगळं मी माझ्या बॅचमेटला सांगत होते. ती मुंबईतच शिकवते. तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही.

“अगं, तुमच्याकडे क्लिनिकला बारा-पंधरा पेशंट. माझ्याकडे दीडशे. मला तू जेवणाच्या सुट्टीचं सांगतेस?”

“आज कधी जेवलीस?”

“साडेतीनला. केबिनमध्ये. पीजीचं थिसिस वाचत वाचत.”

“आणि तुमच्या लॅबमधले लोक?”

“ते दोनला जेवतात वाटतं. मला काय माहीत?”

तिचं म्हणणं खोटं नाही. दीडशे पेशंटची ओपीडी इथल्या कुठल्याही डॉक्टरला एक दिवसही पेलवणार नाही. मनुष्यबळ वाढवल्याशिवाय कामाचे तास खऱ्या अर्थानं कमी होणार नाहीत, आणि त्यासाठी पालिकेनं आणि राज्य सरकारनं रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, याला दुसरा उपाय नाही. पण ती जेवत होतीच. पंधरा मिनिटं का होईना, रोज जेवते. ती पंधरा मिनिटं लॅबच्या माणसांबरोबर घालवायला नवी पदं लागत नाहीत, निधी लागत नाही. विभागप्रमुखांनी मनावर घेतलं तर एक रेसिडेंट फोन सांभाळेल आणि बाकीचे बसतील. विभागप्रमुख स्वतः बसले तरच हे टिकेल, हेही तितकंच खरं. साहेब आल्यावर सगळे ताठ बसणार असतील तर काही उपयोग नाही, आणि मामांना ‘तुम्ही पण या’ हे एकदा म्हणून भागत नाही, रोज म्हणावं लागतं.

एक गोष्ट इथून जरूर उचलावी. प्रत्येक मेडिकल कॉलेजात एक संख्याशास्त्रज्ञ आणि दोन-तीन रिसर्च नर्स असाव्यात, ज्यांच्याकडे डब्यावर निघालेला प्रश्न घेऊन कुणालाही जाता येईल, टेक्निशियनलासुद्धा. मुंबईत पेशंटची संख्या ही अडचण म्हणून सांगितली जाते. संशोधनाला हीच संख्या लागते. डेंग्यू, लेप्टो, क्षयरोग यांवरचे जे प्रश्न मुंबईच्या वॉर्डात एका पावसाळ्यात सुटू शकतात, त्यांना आमच्याकडे पेशंटच नाहीत. उचलू नये ते इथलं संगणकासमोरचं सँडविच. मुंबईत नव्या इमारती होत आहेत, लॅब एकत्र आणून दूर हलवण्याच्या योजना निघतात, सगळं ऑनलाइन होतं आहे. रिपोर्ट मोबाइलवर येणं चांगलंच, पण नवा मजला बांधताना सगळ्यांनी बसून जेवायची एक खोली नकाशात आहे का, हे कुणीतरी विचारा. नकाशा मंजूर झाल्यावर ती खोली कधीच होत नाही.

राहिला बढतीचा प्रश्न. शिक्षकांनी संशोधन करू नये असं मला वाटत नाही, उलट ज्यांना प्रश्नच पडत नाहीत त्यांनी शिकवू नये, इतकी मी त्या बाजूची आहे. मोजायचं काय, एवढाच वाद आहे. वॉर्डातली एखादी वाईट पद्धत बदलली आणि तिचा परिणाम मोजून दाखवला, तर ते धरलं जावं. मोठ्या ट्रायलला पेशंट दिले, त्यांचा नीट पाठपुरावा केला, तर ते धरलं जावं, नाव यादीत शंभरावं असलं तरी. आणि टेक्निशियन, नर्स यांचं नाव निबंधावर असेल तर त्यामुळे कुणाही डॉक्टरचं नुकसान होऊ नये. नियमांचा मसुदा आला की आयोग हरकती आणि सूचना मागवतो. पुढच्या वेळी मसुदा येईल तेव्हा माझ्या मित्रमैत्रिणींनी ‘पेपरची अट रद्द करा’ एवढंच लिहून थांबू नये. लेखकांचा क्रम मोजणं बंद करा, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहावं. माझ्या बॅचमेटला मी तो परिच्छेद लिहून पाठवला आहे. तिनं त्यात लॅबच्या लोकांना विचारून दोन दुरुस्त्या केल्या.